पुक्की : योग्य मैदानाच्या शोधातील दहा वर्षे

सतत क्लब बदलणाऱ्या फुटबॉलपटूकडे काहीशा संशयानेच पाहिले जाते. एका ठिकाणी जम बसला नाही, म्हणजे गुणवत्तेतच खोट असावी, असा सोपा निष्कर्ष काढला जातो. फिनलंडचा आघाडीवीर तेमू पुक्की याच्या वाट्याला हा शिक्का दीर्घकाळ आला. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत पाच देशांतील सहा क्लबांकडून तो खेळला होता आणि युरोपातील मोठ्या लीगमध्ये त्याचे नाव जवळजवळ विस्मृतीत गेले होते. पुढे जे घडले, त्यामुळे अपयश नेमके कोणाचे, खेळाडूचे की त्याला चुकीच्या जागी खेळवणाऱ्यांचे, असा प्रश्न उभा राहिला.

कोटका या बंदराच्या गावी १९९० साली जन्मलेल्या पुक्कीने तेथील कोतेपे क्लबकडून कारकीर्दीस प्रारंभ केला. २००८ मध्ये स्पेनच्या सेव्हियाने त्याला करारबद्ध केले. मात्र तेथे त्याचा बहुतांश काळ दुय्यम संघातच गेला. पहिल्या संघाकडून लीगमध्ये त्याला अवघा एक सामना मिळाला. २०१० मध्ये तो मायदेशी परतला आणि हेलसिंकीच्या एचजेके क्लबमध्ये दाखल झाला.

ऑगस्ट २०११ मध्ये युरोपा लीगच्या पात्रता लढतीत एचजेकेची गाठ जर्मनीच्या शाल्केशी पडली. हेलसिंकीतील पहिला सामना एचजेकेने २-० असा जिंकला. दोन्ही गोल पुक्कीचे होते. परतीच्या सामन्यात शाल्केने ६-१ अशी परतफेड केली, पण तो एकमेव गोलही पुक्कीचाच होता. शाल्केने त्याच महिन्यात त्याला आपल्याकडे ओढले. तेथे राऊल आणि क्लास-यान हुंटेलार हे दोन नामांकित गोलवीर आधीच होते. हुंटेलारने त्या मोसमात बुंडेसलीगात २९ गोल केले. एकविशीतल्या पुक्कीला नियमित संधी मिळणे कठीणच होते.

२०१३ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिकने त्याला घेतले. तेथे लीगमध्ये त्याला केवळ सात गोल करता आले. याचे कारण त्याच्या खेळाच्या घडणीत शोधावे लागते. पुक्की उंचापुरा, हवेतील चेंडूवर हुकमत गाजवणारा खेळाडू नव्हे. प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या बचावपटूच्या खांद्याला खांदा लावून थांबायचे आणि पास सुटताच मागील मोकळ्या जागेत झेपावायचे, हे त्याचे बलस्थान. स्वदेशात वर्चस्व गाजवणाऱ्या सेल्टिकविरुद्ध बहुतेक संघ गोलजाळ्यासमोर दाटी करूनच उभे राहत. अशा वेळी धावायला जागाच उरत नाही.

डेन्मार्कच्या ब्रॉन्डबीमध्ये २०१४ ते २०१८ या काळात त्याला सातत्याने खेळायला मिळाले. पन्नासहून अधिक गोल नोंदवत त्याने हरवलेला आत्मविश्वास मिळवला. २०१८ मध्ये करार संपल्याने तो कोणत्याही हस्तांतर शुल्काविना इंग्लंडमधील दुसऱ्या श्रेणीच्या नॉर्विच सिटीमध्ये गेला. हा क्लब तेव्हा आर्थिक चणचणीत होता. जेम्स मॅडिसनसारखा गुणी खेळाडू त्याला विकावा लागला होता. महागडा आघाडीवीर परवडणार नव्हता, म्हणून पुक्कीची निवड झाली.

प्रशिक्षक डॅनियल फार्के यांचा संघ आखूड पासांनी चेंडू खेळवत प्रतिस्पर्ध्यांना पुढे खेचत असे. मागे जागा निर्माण होताच एमिलियानो ब्वेंदियासारखा मध्यफळीतील खेळाडू अचूक पास देई आणि पुक्की तो गोलात रूपांतरित करी. २०१८-१९ मध्ये त्याने लीगमध्ये २९ गोल केले, सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला आणि नॉर्विच विजेतेपदासह प्रीमियर लीगमध्ये पोहोचले. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याने न्यूकॅसलविरुद्ध हॅटट्रिक साधली. सप्टेंबरमध्ये मँचेस्टर सिटीला ३-२ असे नमवणाऱ्या संघातही त्याचा एक गोल होता.

तरीही एकटा आघाडीवीर संघ तारू शकत नाही. नॉर्विच त्या मोसमात तळाला राहिले. २०२०-२१ मध्ये पुक्कीच्या २६ गोलांच्या बळावर क्लबने पुन्हा विजेतेपद पटकावले. पण ब्वेंदियाला विकल्यानंतर २०२१-२२ मध्ये पुन्हा तळच गाठला. प्रीमियर लीगच्या या दोन्ही मोसमांत पुक्कीचे प्रत्येकी ११ गोल होते, तर संपूर्ण संघाचे अनुक्रमे २६ आणि २३.

२०२३ मध्ये त्याने नॉर्विचचा निरोप घेतला आणि अमेरिकेतील मिनेसोटा युनायटेड गाठले. तेथे लॉस एंजेलिस गॅलेक्सीविरुद्ध एकाच सामन्यात चार गोल करून वयाच्या तेहतिसाव्या वर्षीही धार कायम असल्याचे त्याने दाखवले. २०२५ मध्ये तो पुन्हा एचजेकेमध्ये परतला. सेव्हिया, शाल्के आणि सेल्टिक या तिन्ही नामवंत क्लबांना जे दिसले नाही, ते शुल्काविना आलेल्या या खेळाडूकडून नॉर्विचने मिळवले. नवा आघाडीवीर शोधताना त्याचे जुने आकडे तपासले जातातच. ते आकडे कोणत्या पद्धतीच्या संघात खेळताना नोंदले गेले, हेही तितक्याच काटेकोरपणे तपासायला हवे.