सिडनीच्या रानातलं अष्टशील

सिडनीच्या उत्तरेला, धारुग राष्ट्रीय उद्यानातल्या निलगिरीच्या रानात ‘वाट बुद्ध धम्म’ हा विहार आहे. इंग्रज भिक्खू खंतिपालो आणि इल्सा लेडरमन यांनी तो १९७८ साली उभारला. नाझी राजवटीतून निसटलेल्या, बर्लिनच्या ज्यू घरातल्या या बाई पुढच्याच वर्षी श्रीलंकेत दीक्षा घेऊन अय्या खेमा झाल्या.

जाताना वायझमन्स फेरीला हॉक्सबरी नदी ओलांडायची. तिथे पूल नाही. गाडीसकट तरीतून पलीकडे जायचं, तेही फुकट.

मुक्कामात अष्टशील पाळायचं. वर्षावासात उपोसथ करणाऱ्या आपल्याकडच्या उपासकांना त्यात नवं काही नाही: दुपारी बारानंतर जेवण बंद, गाणीबजावणी, अत्तर, उंच पलंग वर्ज्य. कसोटी लागते ती पहिल्याच शीलाची. पावसानंतर जळवा मोज्यांतून आत शिरतात, आणि त्यांनाही मारायचं नाही! गोचीड जास्त वाईट. या पूर्व किनाऱ्यावरची एक जात चावली, तर कुत्र्याला लकवा होऊन त्याचा जीवही जातो. म्हणून पँट मोज्यांत खोचावी, अंधारात विजेरीशिवाय कुटीबाहेर पाऊल टाकू नये; वाटेत साप असू शकतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिकडचा उन्हाळा. वणव्यांचे दिवस, शक्यतो टाळावेत.