विद्येचे वार

गेल्या कार्तिकांत मालवणांतील एका स्नेह्यांच्या घरीं आम्ही चार दिवस उतरलों होतों. तिसऱ्या दिवशीं परसांतील नारळ पाडावयास आलेल्या माणसाबरोबर चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा आला. नारळ गोळा करून तो पडवीच्या कडेला टेंकला, तेव्हां घरच्या आजींनीं गुळाचा खडा व पाण्याचा तांब्या त्याच्यापुढें ठेवून सहज विचारिलें, "कितवींत रे बाळ तूं?" मुलगा खालीं पाहून म्हणाला, "नववीत होतंय."

मालवणी बोलींत 'होतंय' म्हणजे 'होतों'. 'आहें' म्हणावयाच्या वयांत त्यानें 'होतों' म्हटलें. आजी क्षणभर कांहीं बोलल्या नाहींत, आणि आम्हांसही पुढें कांहीं विचारवेना.

मागाहून चौकशी करतां कळलें तें असें. श्रावणांत वडील तापानें अंथरुणास खिळले, तेव्हां घरांत चार पैसे यावे म्हणून मुलगा पंधरा दिवस कामाला गेला. परत शाळेंत आला तों बीजगणिताचे दोन धडे पुढें गेलेले. पहिल्या चांचणींत गणितांत तीन गुण पडले. मग तो एक दिवसाआड जाऊं लागला, पुढें आठवड्यांतून एकदां, आणि दसऱ्यानंतर गेलाच नाहीं. त्यास शाळेनें काढलें नव्हतें. 'शिकूं नको' असें आईबापांनींही म्हटलें नव्हतें. देंठ सुकला म्हणजे वारा नसतांही कैरी गळते, तसा तो गळाला.

येथें कोणी म्हणेल, आमच्या सिंधुदुर्गांत हा प्रश्न आहेच कोठें? २०१२ सालीं कोकणाचें स्वतंत्र विभागीय परीक्षा मंडळ झालें, तेव्हांपासून दहावीच्या निकालांत कोकणाचें नांव सतत अग्रभागीं राहिलें आहे. २०२४ सालीं सर्व राज्याचा निकाल शेंकडा ९५.८१ लागला, तर कोकणाचा ९९.०१. हा अभिमान यथार्थच आहे, व त्यामागें शिक्षकांचे कष्ट आहेत. परंतु ही शेंकडेवारी परीक्षेस बसलेल्यांची असते. जो नववींतच गळाला, तो उत्तीर्णांत नाहींच, पण नापासांतही मोजला जात नाहीं. शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची हमी सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. नववीच्या उंबरठ्यावर मूल एकटें असतें, आणि तोच उंबरठा सर्वांत उंच असतो.

आमच्या किनाऱ्यावर तर समुद्राचें पंचांग व शाळेचें पंचांग हीं एकमेकांच्या उलट चालतात. मासेमारीची पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै असते. शाळा उघडते तेव्हां होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि मुलेंही वर्गांत भरलेलीं असतात. ऑगस्टांत होड्या पाण्यांत जातात, व अभ्यास जसा अवघड होऊं लागतो तशी बंदरावर हातांची गरज वाढते. रापण ओढावयास उभा राहिलेल्या पोराला माशांचा वाटा मिळतो. तो दिसतो, घरीं नेतां येतो. पुढें दिवाळी व नाताळच्या सुट्टींत तारकर्ली-देवबागला पाहुण्यांची रीघ लागते, आणि होडीवर मदतीला गेलेल्या मुलाच्या हातांत रोख पैसे पडतात. शेवटीं काजू व हापूस यांचा हंगाम नेमका परीक्षेच्या तोंडावर येतो. अशा वेळीं बीजगणिताचें फळ दोन वर्षांनीं मिळेल असें सांगणाऱ्या शिक्षकाचें कोण ऐकणार? मुलगा आळशी नसतो. उलट तो कामाचा असतो, म्हणूनच गळतो.

सुदैवानें गळतीच्या खुणा आधींच दिसूं लागतात. अमेरिकेंत शिकागो शहरीं २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत असें आढळलें कीं, माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षीं, म्हणजे तेथील नववींत, ज्यांची गाडी रुळावर राहिली, त्यांचें चार वर्षांत शिक्षण पुरें करण्याचें प्रमाण मागें पडलेल्यांच्या साडेतीन पटींहून अधिक होतें. फिलाडेल्फिया येथील २००७ सालच्या अभ्यासांत याहूनही लहान, सहावीच्या मुलांत खुणा शोधल्या, त्या मुख्यतः या : हजेरी शेंकडा ऐंशींच्या खालीं जाणें, गणितांत किंवा भाषेंत नापास होणें, आणि वर्तन बिघडणें. यांपैकीं कोणतीही खूण ओळखावयास मानसशास्त्रज्ञ लागत नाहीं. शेजारच्या घराची पडवी पुरते. सकाळीं दहा वाजतां दप्तराविना दिसलेला मुलगा ही पहिली खूण. 'गणिताची वही हरवली' ही दुसरी. आणि शिक्षकांचें नांव काढतांच तोंड फिरविणें ही तिसरी.

आतां आमच्या वाचकांच्या घरांशीं याचा संबंध काय? तो जुना आहे. आपल्यांतील कित्येकांचे आजे-पणजे वार लावून शिकले. सोमवारीं एका घरीं जेवण, मंगळवारीं दुसऱ्या, अशीं सात घरें मिळालीं कीं गरीब विद्यार्थ्याचा आठवडा निभावे. कोणत्याही एका घरावर भार पडत नसे. आणि एखाद्या वारीं विद्यार्थी आला नाहीं तर त्या घरची माउली चौकशी करी. आमच्या मतें वाराचें खरें मोल त्या चौकशींत होतें. आपल्या न येण्याची दखल घेणारीं सात माणसें गांवांत आहेत, हें ज्या मुलास ठाऊक असे तें मूल सहसा गळत नसे.

महर्षि धोंडो केशव कर्वे यांची गोष्ट आपण मुलांना सांगतों. दापोलीजवळच्या मुरुडचा हा तरुण सहावीच्या सरकारी परीक्षेकरितां घाटवाटांनीं शंभर मैलांहून अधिक चालत साताऱ्यास गेला, आणि तेथें 'तूं सतरा वर्षांचा दिसत नाहींस' म्हणून त्यास परीक्षेला बसूंच दिलें नाहीं. पुढील वर्षीं कोल्हापुरास तो ती परीक्षा उतरला, व मॅट्रिक झाला तो १८८१ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं. आजच्या हिशेबानें पाहिलें तर हा 'मागें पडलेला विद्यार्थी'. अण्णांची जिद्द आपण वाखाणतों, पण मुरुडांतील सोमण गुरुजींसारखा पाठीशीं उभा राहणारा शिक्षक त्यांना लाभला होता हें सांगावयास विसरतों. केवळ जिद्दीच्या गोष्टी ऐकून गळणारें मूल थांबत नाहीं. त्याला सोमण गुरुजी लागतात.

येथें एक कबुली दिली पाहिजे. वाराची ती ओसरी बहुतांशीं एकाच जातीच्या मुलांना मोकळी होती, आणि मुलींना तर नव्हतीच. ज्या चालीनें आपलीं घराणीं वर आलीं, तिचा लाभ गाबिताच्या किंवा कुळाच्या मुलास मिळाला नाहीं. हें ऋण आहे, आणि तें फेडण्याची वेळ अजून गेलेली नाहीं. म्हणून आम्ही सुचवितों कीं, ही चाल पुन्हां सुरू करावी, मात्र कुंपणाशिवाय, आणि जेवणाऐवजीं विद्येची. एका आळींतील सात घरांनीं नववीच्या एका मुलास किंवा मुलीस आठवड्याची एकेक संध्याकाळ द्यावी. एका घरीं निवृत्त मुख्याध्यापक आजोबा असतात, दुसऱ्या घरीं विज्ञानाची पदवी घेतलेली सून असते, तिसऱ्या घरीं बँकेंतील काका. ज्यांच्या घरीं शिकविणारें कोणी नाहीं, त्यांनीं दिवा, बसावयाची जागा आणि पोह्यांची बशी द्यावी. मुंबईस असलेल्या चाकरमान्या आत्यालाही व्हिडिओ कॉलवरून इंग्रजीचा गुरुवार सांभाळतां येतो.

कांहीं पथ्यें मात्र पाळावींत. पहिलें, हजेरीची एक लहान वही ठेवावी. दहावीच्या परीक्षेस शाळेंतील पाऊणशें टक्के हजेरी लागते. महिन्यांत चारांहून अधिक दिवस बुडाले कीं त्याच आठवड्यांत त्याच्या घरीं जावें. सहामाहीची वाट पाहूं नये. दुसरें, मूल जेथें अडलें आहे तेथूनच आरंभ करावा. नववीचें बीजगणित येत नाहीं तें पुष्कळदां पांचवीचे अपूर्णांक कच्चे राहिल्यामुळें. मागें जाण्यांत कमीपणा नाहीं. तिसरें, त्याच्या मालवणीस हसूं नये. ज्यास बोलतांना लाज वाटते तो शंका विचारीत नाहीं. चौथें, हंगामाच्या आधीं आईबापांशीं बसून बोलावें. काम मुळींच नको असें म्हणणें त्या घराला परवडणारें नसतें. परंतु परीक्षेचे व चांचणीचे दिवस कामासाठीं बंद, एवढें वचन बहुतेक बाप देतात. पांचवें, मुलींकडे निराळें लक्ष पुरवावें. त्यांना बारावीपर्यंत एस. टी. चा पास विनामूल्य मिळतो, पण घरीं धाकटें भावंड सांभाळावयास कोणी नसलें म्हणजे तो पास फडताळांत पडून राहतो.

आणि एवढें करूनही मूल नापास झालें तर? तर तेथें वाट संपत नाहीं, हें घरांतील मोठ्यांनींच आधीं समजून घ्यावें. २०१५ सालापासून दहावीची पुरवणी परीक्षा जुलैंत घेतली जाऊं लागली, ती मुलाचें वर्ष वांचावें म्हणूनच. शाळा सुटलेल्यास सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसतां येतें, आणि मुक्त विद्यालयाची वाटही आहे. मुदतीच्या आंत तो अर्ज भरून देणें हेंही एका वाराचें काम आहे. कित्येक मुलांचें शिक्षण बुद्धीवांचून अडलेलें नसतें, तें एका कागदावांचून अडलेलें असतें.

त्या दिवशीं आजींनीं मुलाचा सोमवार मागून घेतला. सात घरें कांहीं मिळालीं नाहींत, चारच मिळालीं. शाळेच्या पटावर त्याचें नांव होतेंच. वर्गशिक्षकांनीं एक शब्द न बोलतां त्यास बांकावर बसवून घेतलें, हा त्यांचा मोठेपणा. आजींना स्वतःला गणित येत नाहीं. सोमवारीं त्या त्यास मराठीचा धडा मोठ्यानें वाचावयास लावतात व आपण शेंगा सोलीत ऐकतात. यंदा तो दहावींत आहे. भूमिति अजून कच्ची आहे, ऑगस्टांत दोन दिवस तो पुन्हां बंदरावर गेला होता, आणि मार्चांत काय होईल तें आज कोणासही सांगतां येणार नाहीं. पण परवां दूरध्वनीवर आजींनीं आम्हांस कळविलें कीं, वाण्याच्या दुकानांत कोणीतरी "कितवीत रे?" म्हणून विचारलें, तेव्हां तो मान वर करून "दहावीत आसंय" असें म्हणाला.

वाचकहो, आपल्या आळींतही असा एखादा 'होतंय' म्हणणारा असेल. त्याकरितां आपल्या घरचा वार कोणता?