कमरपट्ट्याची गोष्ट

१९५१ साली कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात डिक केल्टी लाकडी चौकटीचे ओझे पाठीवर घेऊन चालला होता. चालता चालता चौकटीचे खालचे दांडे त्याने पँटच्या मागच्या खिशांत खोचून पाहिले, आणि खांद्यांवरचा ताण झटक्यात हलका झाला. ओझे तेवढेच होते, पण ते आता कमरेवर टेकले होते. पुढच्याच वर्षी ग्लेन्डेलच्या राहत्या घरी त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्या वाकवून चौकटी केल्या, पत्नी नीना हिने पिशव्या शिवल्या आणि खिशांची जागा कमरपट्ट्याने घेतली. पहिल्या वर्षी २४ डॉलरला एक अशा २९ सॅक खपल्या. १९६३ साली एव्हरेस्टवर गेलेल्या अमेरिकी मोहिमेच्या पाठीवर केल्टीच्याच सॅक होत्या.

खिशांची ही युक्ती लागू पडली त्याचे कारण आपल्या सांगाड्यात आहे. खांदा धडाला हाडाने जोडलेला असतो तो फक्त एका ठिकाणी, कॉलरबोन छातीच्या हाडाला मिळते तिथे. बाकी सारा खांदा स्नायूंनी तोलून धरलेला असतो. त्यामुळे पट्ट्यांवर वीस किलो लटकवले की ते तासन्‌तास स्नायूंनाच झेलावे लागतात. पट्टा फार काचला तर हाताकडे जाणाऱ्या नसा दबतात आणि हात बधिर किंवा लुळा पडतो. सैनिकांमध्ये आढळणाऱ्या या दुखण्याला वैद्यकात ‘रकसॅक पाल्सी’ असे नावच आहे. कमरेचे हाड मात्र थेट मांडीच्या हाडावर बसलेले, म्हणजे खांबावर तुळई ठेवावी तसे. म्हणून सॅक घेताना माणसाची उंची पाहू नये. मान झुकवल्यावर सर्वांत वर येणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंतची पाठ मोजावी. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते, आणि मग महागडी सॅकही त्याला छळते.

नेपाळी हमालांनी हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. त्यांचा ‘डोको’, म्हणजे वेताबांबूची टोपली, ‘नाम्लो’ नावाच्या पट्ट्याने डोक्यावरून लटकतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एव्हरेस्टच्या वाटेवरचे पुरुष हमाल सरासरी स्वतःच्या वजनाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक ओझे वाहत असल्याचे आढळले. ही पद्धत आपल्या सगळ्या सॅकना लाजवणारी आहे, पण कातळ चढताना ती कामाची नाही. चढणाऱ्याला मान वर करून पुढची खोबण शोधायची असते.

आणि इथेच केल्टीच्या शोधाचीही पंचाईत होते. कमरपट्टा जिथे बसतो, नेमका तिथेच चढणाऱ्याचा दोर बांधायचा हार्नेस बसतो. जाड गादीचा पट्टा वर आवळला की कॅरॅबिनर अडकवायचे लूप झाकले जातात, बकल टोचतात. त्यामुळे चढाईच्या सॅकचा कमरपट्टा बारीक असतो, बहुधा काढून ठेवता येतो, आणि ओझे पुन्हा खांद्यांवर येते. चढाईतला आराम म्हणजे गुबगुबीत गादी नव्हे. सॅक अरुंद हवी, पाठीला चिकटलेली हवी, आणि हेल्मेट मागे झुकायला वर जागा हवी. सामान पाठीपासून चार बोटे जरी लांब राहिले तरी ते अंगाला कातळापासून मागे ओढत राहते. केल्टीची बाहेरची चौकट तर खडकात अडकायची, तोल गेला की झोके घ्यायची. १९६७ मध्ये ग्रेग लो याने चौकट पिशवीच्या आत घातली आणि आजच्या सॅकचा घाट ठरला.

टिकाऊपणाची कसोटी चिमणीत लागते, म्हणजे दोन कातळांमधल्या अरुंद फटीत. तिथे पाठ टेकवून सरकताना कापड काही मिनिटांत पिंजून निघते. आपला सह्याद्रीचा बेसाल्टही या बाबतीत दयाळू नाही. कापडाच्या धाग्याची जाडी ‘डेनियर’मध्ये सांगतात: ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. म्हणजे १,००० डेनियरचा नऊ किलोमीटर धागा एक किलो भरतो. साध्या भटकंतीच्या सॅकला २१० डेनियरचे नायलॉन पुरते. खडकावर घासणाऱ्या सॅकच्या तळाला त्याच्या कितीतरी पट जाड लागते. डायनीमा हा धागा तर वजनाच्या हिशेबाने पोलादालाही मागे टाकतो आणि पाण्यावर तरंगतो, पण दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. नायलॉन ६,६ जवळजवळ २६० अंशांपर्यंत तग धरते.

तरी सॅक सहसा कापडात फाटत नाही. ती उसवते, आणि तीही खांद्याचा पट्टा सॅकला शिवलेला असतो तिथे. दुकानात सॅक उलटी करून तिथले टाके पाहावेत. पुढेमागे अनेकदा फिरवलेली दाट शिलाई दिसली पाहिजे. तोंडाला चेन नको, दोरीने आवळायचे तोंड आणि वर टोप बरा. ठासून भरलेल्या सॅकची चेन तुटली तर कातळभिंतीवर मधेच ती दुरुस्त करता येत नाही.

कोकणपट्टीत आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे दमट हवा. पाणी आत येऊ नये म्हणून आतून दिलेला पॉलियुरेथेनचा लेप ओलाव्याने हळूहळू विघटित होतो. माझी जुनी सॅक एका पावसाळ्यात माळ्यावर राहिली. काढली तेव्हा आतून गुळासारखी चिकट झाली होती आणि आंबूस वास येत होता. ब्रशने तो लेप खरवडून काढला. आता तिच्यात पाणी शिरते, म्हणून आत प्लॅस्टिकची पिशवी घालतो. बाहेरचे कापड तळाशी दोनदा ठिगळ लावून अजून चालते आहे. कमरपट्टा मात्र कपाटात कोरा करकरीत पडून आहे. पहिल्याच चढाईत तो काढून ठेवला होता.