प्रवाळ-मत्स्यालयातील फॉस्फेट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

काचेच्या टाकीत समुद्राचे खारे पाणी सिद्ध करून त्यात जिवंत प्रवाळ वाढविण्याचा नाद ज्यांना लागला आहे, त्यांच्या चिंतेच्या विषयांत फॉस्फेट अग्रस्थानी आहे. आणि चिंतेच्या पोटी जन्मलेल्या समजुतींनी या साध्या क्षाराला जितके बदनाम केले आहे, तितके अन्य कोणत्याही द्रव्याला केलेले नाही. (भारतात दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण असल्यामुळे आपल्या किनाऱ्यावरून ते काढून आणणे हा गुन्हा आहे, एवढे आरंभीच सांगणे कर्तव्य होय.) प्रस्तुत विवेचनाचा मथितार्थ असा की, फॉस्फेट हे प्रवाळाच्या पोषणाचे द्रव्य आहे आणि पालकाने त्याच्या निर्मूलनापेक्षा त्याच्या स्थैर्याची काळजी वाहावी.

गैरसमज १ : फॉस्फेट जितके कमी, तितके उत्तम; शून्य असल्यास सर्वोत्तम.

वस्तुस्थिती : उष्ण कटिबंधातील प्रवाळखडकांवरच्या पृष्ठजलात दर लिटरला फॉस्फेटचे प्रमाण बहुधा ०.०२ मिलिग्रॅमहूनही कमी असते, हे खरे. परंतु तेथे अहोरात्र वाहणाऱ्या प्रवाहाबरोबर सूक्ष्म प्लवकांचा जो अखंड पुरवठा येतो आणि ज्यातून प्रवाळाला फॉस्फरस मिळतो, तो पुरवठा टाकीतील निर्मळ पाण्यात कोठून असणार? प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरविणाऱ्या सहजीवी शैवालालाही फॉस्फरस लागतोच. नायट्रेट मुबलक असूनही फॉस्फेटचा दुष्काळ पडला, तर उष्णता आणि तीव्र प्रकाश यांमुळे प्रवाळ पांढरे पडण्याचा धोका वाढतो, असे इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले. म्हणूनच दर लिटरला ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम ही मर्यादा अनुभवी पालक सामान्यतः योग्य मानतात.

गैरसमज २ : प्रवाळ जोमाने वाढत असेल, तर फॉस्फेट कितीही असले तरी हरकत नाही.

वस्तुस्थिती : ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमधील वन ट्री आयलंड येथे १९९३ ते १९९६ या काळात प्रवाळखडकांना मुद्दाम पोषकद्रव्ये पुरवून एक विस्तृत प्रयोग करण्यात आला, आणि त्यात असे आढळले की वाढीव फॉस्फरसमुळे प्रवाळाच्या शाखांची लांबी वाढली, तथापि सांगाड्याची घनता घटून तो ठिसूळ झाला. कारण फॉस्फेट सांगाड्यातील कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकांच्या घडणीत व्यत्यय आणते. तेव्हा केवळ लांबीवरून प्रवाळाच्या आरोग्याविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

गैरसमज ३ : चाचणीत शून्य आले, म्हणजे टाकीत फॉस्फेट नाही.

वस्तुस्थिती : घरगुती चाचण्यांपैकी बहुतेक चाचण्या मर्फी आणि रायली यांनी १९६२ साली मांडलेल्या पद्धतीच्या वळणावर चालतात, आम्लयुक्त मॉलिब्डेटशी फॉस्फेटचा संयोग होऊन निळा रंग उमटतो आणि त्या रंगाच्या गडदपणावरून प्रमाण ठरते. या पद्धतीत पाण्यात विरघळलेले अजैव फॉस्फेटच मुख्यत्वे मोजले जाते. अन्नकणांत, जीवजंतूंत आणि सेंद्रिय संयुगांत गुंतलेला फॉस्फरस तीत दिसत नाही. शिवाय काचेवर हिरवे शैवाल माजले असताना चाचणी शून्य दाखवीत असेल, तर आलेले फॉस्फेट शैवालाने तत्काळ गिळले, असाच बहुधा त्याचा अर्थ. चाचणीचा आकडा म्हणजे जमाखर्चातील दिवसअखेरची शिल्लक होय. दिवसभरात आवक किती झाली आणि जावक किती, हे त्या एका आकड्यावरून उमजत नाही.

आकडा वाचतानाही सावधगिरी हवी. घरगुती अंकदर्शक रंगमापकांत साधारण ०.०२ मिलिग्रॅमची चूक संभवते, त्यामुळे ०.०३ आणि ०.०४ यांतील भेदावरून निर्णय घेणे व्यर्थ. काही उपकरणे फॉस्फेटऐवजी फॉस्फरसचा आकडा अब्जांश भागांत देतात, त्याला ३.०६६ ने गुणावे लागते, म्हणजे १० अब्जांश फॉस्फरस हे सुमारे ०.०३ मिलिग्रॅम फॉस्फेट होय. कुपीवरील बोटांचा ठसा किंवा न विरघळलेली पूडदेखील निकाल बिघडविण्यास पुरेशी असते.

गैरसमज ४ : उत्तम प्रोटीन स्किमर आणि नियमित पाणीबदल असला, की फॉस्फेटचा बंदोबस्त झाला.

वस्तुस्थिती : स्किमर फेसाबरोबर सेंद्रिय द्रव्य काढून टाकतो, म्हणजे कुजून फॉस्फेट होण्याआधीच त्यातला काही भाग बाहेर जातो, परंतु एकदा पाण्यात विरघळलेले अजैव फॉस्फेट त्याच्या हाती लागत नाही. दहा टक्के पाणी बदलले, तर फार तर दहा टक्के फॉस्फेट जाईल, आणि तीही घट टिकेलच असे नाही. कारण चुनखडीचे खडक व वाळू फॉस्फेट आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतात आणि पाण्यातील प्रमाण उतरताच ते पुन्हा सोडू लागतात. आवकेचा मुख्य मार्ग माशांचे खाद्य हाच असल्याने पहिली तपासणी त्याचीच करावी.

गैरसमज ५ : प्रमाण वाढले की प्रभावी द्रव्य टाकून ते एका दिवसात खाली आणावे.

वस्तुस्थिती : दाणेदार लोह ऑक्साइड फॉस्फेटला आपल्या पृष्ठभागावर धरते, तर लँथेनम क्लोराइड त्याचा अविद्राव्य साका बनविते, दोन्ही इलाज गुणकारी आहेत आणि म्हणूनच दोन्ही जपून वापरावयाचे आहेत. लोह ऑक्साइड आरंभी थोडेच घालावे. लँथेनम थेंबाथेंबाने, सूक्ष्म गाळणीच्या तोंडाशी सोडावे, अन्यथा साक्याचे ढग माशांच्या कल्ल्यांना इजा करू शकतात. लँथेनमने पाण्याची अल्कधर्मिताही उतरते, म्हणून तीही मोजत राहावी. वाढलेल्या प्रमाणाला सरावलेल्या प्रवाळाला आकस्मिक घट सोसत नाही. संथ मार्ग शैवालाचा : वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी १९८० च्या सुमारास प्रकाशित पडद्यांवर शैवाल वाढवून व ते खरवडून काढून प्रवाळ-टाकीचे पाणी राखण्याची रीत रूढ केली, आणि जोडटाकीत कीटोमॉर्फा हे शैवाल वाढवून त्याची वेळोवेळी काढणी करणे हे त्याच तत्त्वाचे घरगुती रूप आहे.

पालकांना विनंती एवढीच की, दर आठवड्याला ठरलेल्या वेळी, एकाच उपकरणाने चाचणी घ्यावी आणि आकडा वहीत तारखेसह नोंदवावा. लागोपाठच्या दोन चाचण्यांनी एकच कल दाखविल्याशिवाय कोणताही उपाय योजू नये, आणि योजल्यास एका वेळी एकच योजावा.