सांकलिया, हसमुख धीरजलाल

(१० डिसेंबर १९०८ – २८ जानेवारी १९८९). विख्यात भारतीय पुरातत्त्वज्ञ. पुण्याच्या डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्थेतील पुरातत्त्व विभागाचे प्रवर्तक. महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन व अश्मयुगीन संस्कृतींचा कालक्रम त्यांनी निश्चित केला. या कार्यात रोमन साम्राज्याशी चाललेल्या व्यापाराच्या अवशेषांचा त्यांना विशेष उपयोग झाला. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील जोर्वे व नेवासे येथील त्यांची उत्खनने या दृष्टीने मूलभूत मानली जातात.

त्यांचा जन्म मुंबईत एका गुजराती कुटुंबात झाला. सेंट झेव्हिअर्स महाविद्यालयात संस्कृत विषय घेऊन त्यांनी पदवी मिळविली व पुढे फादर हेरास यांच्याकडे प्राचीन इतिहासाचे अध्ययन केले. नालंदा विद्यापीठावरील त्यांचा प्रबंध १९३४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यानंतर लंडन विद्यापीठात गुजरातच्या पुरातत्त्वावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट संपादन केली (१९३६). इंग्लंडमधील वास्तव्यात त्यांनी मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली मेडन कॅसल येथील उत्खननात भाग घेतला. व्हीलर हे रोमन ब्रिटनचे अभ्यासक होते. मातीचा प्रत्येक थर स्वतंत्रपणे ओळखावयाचा आणि त्यात मिळालेल्या वस्तूंचा काळ त्या थराच्या संदर्भातच ठरवावयाचा, ही त्यांची पद्धत सांकलियांनी तेथे प्रत्यक्ष पाहिली. १९३९ मध्ये ते डेक्कन कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले व १९७३ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच संस्थेत राहिले.

त्या वेळी महाराष्ट्राचा ज्ञात इतिहास सातवाहनांपासून सुरू होत असे. नाणेघाट, नासिक, कार्ले इ. ठिकाणचे लेख आणि नाणी हीच त्याची प्रमुख साधने होती. त्याआधीच्या काळातील दगडी हत्यारे अधूनमधून सापडत. तथापि अश्मयुगीन मानव आणि सातवाहन राजे यांच्या दरम्यानच्या दीर्घ कालखंडात या प्रदेशात कोण राहत होते, हे सांगता येत नसे. किरणोत्सर्गी कार्बनाच्या साहाय्याने काळ ठरविण्याची पद्धत अद्याप अस्तित्वात आली नव्हती. जमिनीतील एखाद्या तरी थराचा काळ लेखांवर वा दंतकथांवर विसंबून न राहता निश्चित करता आला, तरच त्याखालील थरांचा कालानुक्रम लावणे शक्य होते. असा आधार रोमन वस्तूंनी पुरविला.

इ. स. पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमने ईजिप्त जिंकल्यानंतर तांबड्या समुद्रामार्गे भारताशी होणारा व्यापार वाढला. पेरिप्लस या इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात बारिगाझा (भडोच), सुप्पारा (सोपारा) व कल्लिएना (कल्याण) या बंदरांची माहिती आहे. बारिगाझापासून पैठण वीस दिवसांच्या आणि तगर (तेर) त्याच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांच्या अंतरावर असल्याचे त्यात नमूद केले आहे. पैठणहून गोमेदासारखे खडे, तर तगरहून सुती कापड बंदराकडे जाई. उलट इटली, सिरिया व अरबस्तान येथील मद्य बारिगाझास उतरत असे. ही मद्ये ज्या दोन कानांच्या उंच कुंभांतून (अँफोरा) येत, त्यांची खापरे आणि इटलीतील ॲरेझो येथील तांबडी, झिलईदार व शिक्का उमटविलेली मृद्भांडी यांचा काळ यूरोपीय उत्खननांवरून बराच काटेकोरपणे ठरला होता. भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक (१९४४–४८) असताना व्हीलर यांनी १९४५ मध्ये पाँडिचेरीनजीक अरिकामेडू येथे ॲरेझोची भांडी भारतीय खापरांसमवेत एकाच थरात दाखवून दिली. त्यामुळे त्या भारतीय खापरांचाही काळ कळला. दोन वर्षांनी कर्नाटकातील ब्रह्मगिरी येथे हेच सूत्र वापरून त्यांनी महापाषाणयुगीन थरांचा कालक्रम लावला.

महाराष्ट्रात या पद्धतीचा पहिला मोठा वापर कोल्हापूर येथे झाला. तेथील ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ मध्ये प्रा. कुंदनगार यांना ब्राँझच्या वस्तूंचा संचय सापडला. त्यातील समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती व काही भांडी रोमन घडणीची आहेत. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन करून सातवाहनकालीन वस्तीचा आराखडा उजेडात आणला. त्याचा वृत्तांत १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. या उत्खननाने सातवाहन थर ओळखण्याची साधने मिळाली. मात्र त्याखाली काय आहे, हा प्रश्न कायम राहिला.

त्याचे उत्तर गोदावरी व प्रवरा या नद्यांच्या खोऱ्यांत मिळाले. सांकलिया व शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये नासिक व संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे उत्खनन केले. जोर्वे येथे तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगात नक्षी काढलेली, तोटीची व कंगोरेदार मृद्भांडी, गारगोटीच्या जातीच्या दगडाची छोटी पाती आणि तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. नासिक येथे अशाच प्रकारचे अवशेष ऐतिहासिक थराखाली आढळल्याने त्यांची प्राचीनता स्पष्ट झाली. या संस्कृतीस पुढे जोर्वे संस्कृती असे नाव पडले.

प्रवरेच्या काठीच असलेले नेवासे हे गाव ज्ञानेश्वरीच्या रचनेमुळे (शके १२१२, इ. स. १२९०) महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. तेथील लाडमोड या टेकाडावर व परिसरात सांकलिया, देव व झै. दा. अन्सारी यांनी प्रथम १९५४–५६ मध्ये आणि नंतर १९५९–६१ मध्ये उत्खनन केले. येथील थरांचे सहा कालखंड पाडण्यात आले. सर्वांत वर सु. १४०० ते १७०० या काळातील मुसलमानी-मराठा अंमलाचा थर होता. त्याखालील वस्तीस उत्खननकारांनी ‘भारत-रोमन’ असे नाव दिले (सु. इ. स. पू. ५० – इ. स. २००). या दोहोंच्या दरम्यान टेकाड दीर्घकाळ ओसाड होते; म्हणजेच ज्ञानेश्वरकालीन नेवासे या टेकाडावर वसलेले नव्हते. भारत-रोमन थरात सातवाहनांची नाणी, काचेचे मणी, तांबडी झिलईदार भांडी आणि मद्यकुंभांची खापरे मिळाली. बंदरापासून इतक्या दूरवर, सह्याद्रीच्या पलीकडील एका गावात परदेशी मद्यकुंभांची खापरे मिळावीत, यावरून पैठणच्या आसपासच्या सधन वर्गापर्यंत हा व्यापार पोहोचला होता, असे अनुमान निघते. रोमन व्यापारी स्वतः नेवाशास राहत होते, असा मात्र त्याचा अर्थ होत नाही.

सांकलियांच्या दृष्टीने या थराचे महत्त्व त्याखालील वस्तीमुळे अधिक होते. भारत-रोमन थराखाली प्रारंभिक ऐतिहासिक काळाचा (सु. इ. स. पू. १५०–५०) आणि त्याच्याही खाली जोर्वे पद्धतीच्या मृद्भांड्यांचा ताम्रपाषाणयुगीन थर स्पष्टपणे वेगळा दिसला. तेथील लोक लाकडी खांब व कुडाच्या भिंतींच्या घरांत राहत, जमीन चुन्याने सारवीत आणि मृत बालकांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरीत. एका बालकाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांच्या माळेत टिकून राहिलेल्या दोऱ्यात कापूस व रेशीम यांचे तंतू आढळल्याचे तपासणीत दिसून आले. प्रवरेच्या पात्रालगतच्या भरड वाळूगोट्यांच्या थरांत तर याहून कितीतरी जुनी पुराश्मयुगीन हत्यारे व बॉस नॅमॅडिकस या नामशेष झालेल्या रानबैलाचे जीवाश्म मिळाले. मध्य पुराश्मयुगातील तेथील छिलका-हत्यारांना पुढे ‘नेवासियन’ असे नाव रूढ झाले. या उत्खननाच्या १९६० मधील वृत्तांताचे फ्रॉम हिस्टरी टू प्री-हिस्टरी ॲट नेवासा हे शीर्षक त्यांच्या कार्यपद्धतीचे यथार्थ वर्णन करते. ज्ञात काळापासून एकेक थर खाली उतरत अज्ञात काळापर्यंत जाणे, हे तिचे सार होय. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेतील कार्बन-१४ कालमापनाने नेवाशाच्या ताम्रपाषाणयुगीन थराचा काळ इ. स. पू. सु. तेराव्या शतकाच्या आसपास येतो असे दाखविले आणि थरांवरून बांधलेला अंदाज स्वतंत्र पुराव्याने पडताळला गेला.

रोमन पुराव्याविषयीची काही मते मात्र नंतरच्या संशोधनाने बदलली. आतल्या तळावर दातेरी चाकाने वर्तुळाकार नक्षी उमटविलेली ‘रूलेटेड’ भांडी प्रथम रोमन प्रभावाची समजली जात. ती भारतातच तयार होत व त्यांचा आरंभ रोमन व्यापारापूर्वीचा आहे, असे विमला बेगली प्रभृतींच्या अभ्यासातून पुढे आले. तांबडी झिलईदार भांडी प्रामुख्याने गुजरातेतील असल्याचे आता मानले जाते. पश्चिम भारतात अँफोरा म्हणून नोंदलेल्या खापरांपैकी बरीचशी मेसोपोटेमियातून येणाऱ्या, आतून डांबर लावलेल्या बिनकानी कुंभांची आहेत, असे २००७ मध्ये रॉबर्टा टॉम्बर यांनी दाखवून दिले. त्यामुळे ‘भारत-रोमन’ हे कालखंडाचे नाव मागे पडून ‘सातवाहन काल’ अशी संज्ञा वापरण्याकडे कल वाढला. रोमबरोबरच इराणी आखाताशी चाललेल्या व्यापाराचाही विचार होऊ लागला. सांकलियांनी लावलेल्या थरांच्या क्रमास या फेरविचाराने बाध येत नाही; प्रत्येक खापराचे उत्खननस्थान नोंदवून ठेवल्यामुळेच अशी फेरतपासणी करणे शक्य झाले.

नेवाशाखेरीज त्यांनी गुजरातमधील लांघणज (इरावती कर्वे यांच्यासमवेत), मध्य प्रदेशातील माहेश्वर व नावडातोली आणि पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील उत्खननांत प्रमुख भाग घेतला. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे इतरांनी केलेल्या उत्खननांत जोर्वे संस्कृतीपूर्वीचे सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद व माळवा हे टप्पे मिळाले आणि प्रवरेच्या खोऱ्याचा इतिहास आणखी मागे गेला. त्यांच्या ग्रंथांपैकी प्रीहिस्टरी अँड प्रोटोहिस्टरी ऑफ इंडिया अँड पाकिस्तान हा दीर्घकाळ प्रमाणभूत गणला गेला. म. श्री. माटे यांच्यासह त्यांनी मराठीत महाराष्ट्रातील पुरातत्त्व हा ग्रंथ सिद्ध केला. रामायणातील लंका मध्य भारतात असावी, हे त्यांचे मत (१९७३) वादग्रस्त ठरले. भारत सरकारने १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. बॉर्न फॉर आर्किऑलॉजी हे त्यांचे आत्मचरित्र १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुणे येथे त्यांचे निधन झाले.

राजवंश व लेख यांच्यापुरता मर्यादित असलेला महाराष्ट्राचा इतिहास सामान्य शेतकरी व पशुपालक वस्त्यांपर्यंत आणि तेथून अश्मयुगापर्यंत मागे नेणे, हे सांकलियांचे मुख्य कार्य होय. भूमध्य समुद्राच्या काठी घडलेल्या मातीच्या कुंभांनी त्या शोधाच्या आरंभी काळाची एक निश्चित खूण पुरविली. तिच्या आधारे त्यांनी आखलेला कालपट पुढील संशोधकांना उपयुक्त ठरला.