चित्रामागची फाइल

सीवूड्समधल्या कुठल्याही सोसायटीची पाण्याची व्यवस्था घ्या. पालिकेचं पाणी जमिनीखालच्या टाकीत येतं, पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो, तिथून ते घरोघरी उतरतं. कागदावर हे कुणीही काढेल. ओपनमॉडेलिका या मुक्त मॉडेलिंग साधनात काढताना मात्र टाकी, पंप, व्हॉल्व्ह यांची चिन्हं यादीतून ओढून आणायची आणि टोकाला टोक जोडत रेघ मारायची. तेवढ्यानं मागच्या साध्या मजकुराच्या फाइलीत ‘कनेक्ट’ची एक ओळ उमटते. तिचा अर्थ असा की त्या जोडावर दाब दोन्हीकडे सारखा आणि सगळ्या प्रवाहांची बेरीज शून्य. पाणी कुठल्या दिशेनं जाईल हे आपण सांगतच नाही, ते समीकरणं सुटल्यावर ठरतं. एखादं टोक जोडायचं राहिलं तर तिथला प्रवाह शून्य धरला जातो, म्हणजे पाइपाला बूच. चिन्ह पडद्यावर कुठे ठेवलं याची नोंदही त्याच फाइलीत असते, पण गणित तिच्याकडे बघत नाही.

पवईच्या आयआयटीतला ‘फॉसी’ प्रकल्प हे साधन कॉलेजांपर्यंत नेतो, तेव्हा लायसन्सचे पैसे वाचतात हा मुद्दा आधी पुढे येतो. तो खरा असला तरी दुय्यम आहे. खरा फायदा हा, की मॉडेल बनवणारा नोकरी सोडून गेला तरी पंपाबद्दल त्यानं काय गृहीत धरलं होतं ते दुसऱ्याला वाचता येतं. यावर आक्षेप येतो: मुक्त साधनं मध्येच बेवारस होतात. होतात. सॉफ्टवेअरच्या आकृत्या काढणाऱ्या आर्गोयूएमएलचं काम थंडावून वर्षं झाली. पण त्याची फाइल म्हणजे एक झिप. ती उघडली की आतला एक्सएमएल मजकूर आजही वाचता येतो. बंद साधनाच्या बंद फाइलीबद्दल अशी खात्री देता येत नाही. मोठ्या कंपन्या असल्या साधनांवर विसंबत नाहीत, हेही अर्धसत्य. कॅपेला हे यंत्रणांची रचना मांडणारं साधन थेल्ससारख्या विमान-संरक्षण क्षेत्रातल्या कंपनीनं स्वतःसाठी घडवलं आणि 2014 मध्ये खुलं केलं. सीवूड्स-दारावे स्टेशनाच्या डोक्यावर मॉल आणि कचेऱ्या आहेत. अशा ठिकाणी आगीचा इशारा कुणाकडून कुणाकडे जावा असल्या प्रश्नाला समीकरण पुरत नाही, तिथे कॅपेलाच्या जातीचं साधन लागतं.

चित्रं शिळी होतात ही तक्रार मात्र रास्त आहे. प्लँटयूएमएल या साधनात आकृती मजकुरातच लिहितात, त्यामुळे ती कोडशेजारी राहते आणि कोडबरोबरच तपासली जाते. रेघा कुठून जातील यावर मात्र फारसा ताबा उरत नाही. कॅपेलात मॉडेल एका फाइलीत, आकृत्या दुसऱ्या. दोघांनी एकाच वेळी बदल केले, की ते जुळवताना फाइल खुली असून भागत नाही, कुणाचा बदल ठेवायचा हे दोघांनी शेजारी बसूनच ठरवावं लागतं.