“चवीपुरतें” म्हणजे किती?

पाककृतीच्या पुस्तकांत “चवीपुरतें मीठ घालावें” असें लिहिलेलें असतें, आणि अनुभवी गृहिणीचें त्यानें कांहीं अडत नाहीं. त्या शब्दांचा अर्थ पुस्तकांत नसून तिच्या हातांत असतो. नवशिक्याला मात्र तेंच वाक्य कोडें वाटतें. सूचना लिहिणाराला जें ठाऊक आहे तें वाचणाराला ठाऊक असतेंच असें नाहीं, हें तत्त्व जुनेंच. परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेचे ‘एजंट’ कामाला लागल्यापासून त्याला नवें महत्त्व आलें आहे.

संगणकावरील खेळ युनिटी, अनरियल, गोडो यांसारख्या गेम एडिटरांत रचले जातात. नाटकाचा रंगमंच सजवावा त्याप्रमाणें तेथें झाडें, दिवे, घरें आणि पात्रें मांडावयाचीं असतात. नोव्हेंबर २०२४ मध्यें अँथ्रॉपिक या कंपनीनें मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल नांवाचा खुला संकेत प्रसिद्ध केला. त्यायोगें हीं कामें एजंटाच्या स्वाधीन करणें सोपें झालें. प्रत्येक कामासाठीं एक टूल असतें. त्याला नांव, वर्णन आणि द्यावयाच्या माहितीची यादी जोडलेली असते. टूलच्या पोटांतील प्रोग्राम एजंटाला सहसा दिसत नाहीं. कोणतें टूल केव्हां उचलावें हें तो त्या चार ओळी वाचूनच ठरवितो.

आतां समजा, वर्णन एवढेंच आहे: “वस्तु हलवितें.” किती आणि कोणीकडे? युनिटींत एक एकक म्हणजे एक मीटर धरतात आणि वायची दिशा वर असते. अनरियलमध्यें एकक सेंटिमीटरचें आणि वरची दिशा झेडची. एकीकडे पांच मीटर चढणारा दिवा दुसरीकडे पांच सेंटिमीटरच चढेल. कोनाचेंही तसेंच. गोडोच्या प्रोग्रामांत फिरविण्याचें माप रेडियनमध्यें असतें. अंश समजून तेथें ९० लिहिले, तर दार चौदा पूर्ण फेरे घेतल्यासारखें होऊन सुमारें ११७ अंशांवर थांबेल. यंत्र तक्रार करणार नाहीं. चूक मुकाट्यानें होऊन जाईल. खरा धोका हाच.

म्हणून वर्णन असें असावें: “दृश्यांतील एक वस्तु दिलेल्या स्थानीं नेतें. स्थान मूळबिंदूपासून मोजावें, मीटरमध्यें. वाय म्हणजे वरची दिशा. वस्तु ओळख-क्रमांकानें सांगावी. नवी वस्तु निर्माण करण्यासाठीं हें टूल वापरूं नये.” नांवाऐवजीं क्रमांक कां? युनिटींत एकाच नांवाच्या अनेक वस्तु असूं शकतात. दहा दिव्यांचें नांव ‘दिवा’ असेल, तर कोणता हलवावा?

याहून जपावयाचें तें पुसण्याच्या टूलला. टूल रचणारानें ‘अनडू’ची नोंद ठेवली असेल तर पुसलेली वस्तु परत आणतां येते, नसेल तर चित्रकाराचे आठवडेच्या आठवडे क्षणांत वायां जातात. युनिटींत खेळ चालवून पाहतांना दृश्यांत केलेले फेरफार खेळ थांबवितांच नाहींसे होतात. ह्या गोष्टी वर्णनांत स्पष्ट लिहिल्याच पाहिजेत. टूल नुसतें वाचणारें कीं नाश करणारें, हें दर्शविण्याची सोय वरील संकेतांत आहे. पण ती सूचना आहे, कुलूप नव्हे. पुसण्यापूर्वीं माणसाची संमति घेण्याची व्यवस्था निराळी करावी लागते.

तथापि स्पष्टता म्हणजे पाल्हाळ नव्हे. लांबलचक वर्णनांत मुख्य नियम हरवतो, आणि एकसारख्या वर्णनांचीं दोन टूलें असलीं म्हणजे एजंट गोंधळतो. यावर एक साधी कसोटी आहे. तें वर्णन एडिटर कधींही न पाहिलेल्या माणसाला वाचावयास द्यावें. तो जेथें “म्हणजे किती?” किंवा “त्यांतला कोणता?” असें विचारील, तेथें उत्तर लिहून टाकावें. माणूस निदान विचारतो तरी. यंत्र पुष्कळदां न विचारतां तर्क करून मोकळें होतें. त्या तर्काची किंमत अखेर दुसऱ्या कोणाच्या तरी श्रमांतून वसूल होते, हें लिहिणारानें विसरूं नये.